धुऱ्यावरची अंबाडी आणि नाताळचा पेला

«ताई, सप्रेम सलाम. आमचं गाव कळंब तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घर शेतकऱ्याचं, आणि आम्ही ख्रिस्ती. दर नाताळला सकाळची उपासना, मग करंज्या, अनारसे, केक आणि दुपारी मटण-भाकर, असा आमचा सण असतो. यंदा धाकटे दीर नागपूरहून ऑफिसातल्या तीन जोडप्यांना घेऊन येणार आहेत, दोन रात्री मुक्काम. त्यांचा फोन आला, ‘वहिनी, पंचवीसच्या संध्याकाळी कॉकटेल ठेवू. बाटल्या मी गाडीत घालून आणतो, तुम्ही ज्यूस आणि बर्फाचं तेवढं बघा. एक मोठा गंज भरून पंच करून ठेवला की सारखं उठायला नको.’ सासरे दारूपायीच गेले, त्यामुळे सासूबाई बाटली पाहिली तरी घाबरतात. मालक म्हणतात, पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं. सालदारालाही एक क्वार्टर देऊन टाका, असं दिरांचं म्हणणं. घरात दोन लहान मुलं आहेत. मला कॉकटेल कशाशी खातात तेही ठाऊक नाही. पाहुण्यांपुढं कमीपणा यायला नको आणि सासूबाईंचं मनही मोडायला नको. काय करू? — एक सून, ता. कळंब»

ताई,

लिंबं आणि बर्फ यांचा हिशेब करण्याआधी सासूबाईंजवळ जाऊन बसा. मालकांनाही सोबत घ्या. ‘पाहुणे येणार आहेत, त्यांना संध्याकाळी थोडी घ्यायची आहे, तुम्हाला चालेल का?’ असं सरळ विचारा आणि त्या काय म्हणतात ते पूर्ण ऐकून घ्या. ज्या बाईनं नवरा दारूत गमावला, तिच्या ओसरीवर बाटली ठेवायची की नाही हे ठरवायचा पहिला हक्क तिचा आहे. तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत आल्या आहेत, त्या उगाच नाही. सासूबाई नको म्हणाल्या तर विषय तिथंच संपला. दिरांना फोन करून सांगा, ‘भाऊजी, आईंना नको आहे, पण प्यायला मी असं काही करीन की तुमचे पाहुणे परत मागतील.’ हे खोटं आश्वासन नाही. खाली जे सांगणार आहे ते सगळं दारूच्या थेंबाशिवाय पूर्ण आहे. सासूबाईंनी होकार दिलाच, तर त्यात दारू कुठं आणि किती घालायची तेही सांगते.

आता दिरांच्या गाडीबद्दल. नागपूरहून कळंबला यायचं तर बुटीबोरी, वर्धा, देवळी हाच नेहमीचा रस्ता. म्हणजे सगळा वर्धा जिल्हा ओलांडून यायचं, आणि तिथं कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. वर्ध्याची मात्र उठलेली नाही. डिकीत बाटल्या सापडल्या तर गुन्हा दाखल होतो, गाडीही अडकून पडते. नाताळच्या आदल्या दिवशी तीन जोडपी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली कोणाला हवीत? दिरांना सांगा, आणायचीच असेल तर वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात आल्यावर परवानाधारक दुकानातूनच घ्या, बिल जवळ ठेवा. पिण्याचा परवाना काढायला लावा. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं, वाइन आणि बिअरसाठी २१. पाहुण्यांसोबत कोणाचा लहान भाऊ किंवा भाचा येणार असेल तर हे लक्षात असू द्या. आणि गावातल्या हातभट्टीची ‘चव दाखवायला’ म्हणून कोणी आणली तर ती घरात घेऊच नका. ती बेकायदा आहेच, शिवाय तिच्यात मिथेनॉल आहे की नाही हे वासावरून कळत नाही, आणि त्यानं डोळे जातात, जीवही जातो.

गंजभर पंचाला, म्हणजे फळांच्या रसात आधीच दारू कालवून ठेवलेल्या पेयाला, मात्र माझा ठाम नकार आहे, सासूबाईंचा होकार असला तरी. त्याचं कारण माझ्याच घरातलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सणाला आमच्याकडं असाच संत्र्याचा पंच गंजात करून ओट्यावर ठेवला होता. करणाऱ्याला माहीत होतं, बाकी कोणाला नाही. माझी मामी आयुष्यात दारूला शिवली नव्हती. उन्हातून आली आणि गारेगार संत्र्याचा रस समजून दोन पेले घटाघटा प्यायली. तिला साखरेच्या गोळ्या चालू होत्या. तासाभरानं घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, जीभ जड झाली. दवाखान्यातून ती दुसऱ्या दिवशी घरी आली. तब्येत सावरली, पण ‘मला न सांगता पाजली’ हे तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. तुमच्या घरात दोन मुलं आहेत, सासूबाई आहेत, येणारेजाणारे शेजारी आहेत. फळाच्या रसात आणि साखरेत दारूची चव दडते, म्हणूनच असं पेय सगळ्यांच्या हाताशी उघडं ठेवायचं नसतं.

म्हणून पद्धत अशी ठेवा: गंजात बिनदारूचंच पेय. ते सगळ्यांचं, सासूबाईंपासून धाकट्या पोरापर्यंत. ज्याला दारू हवी त्याच्या पेल्यात ती मोजून, वेगळ्या टेबलावर, एका जबाबदार माणसानं घालायची. हा माणूस दीरच असू दे. पाहुणे त्यांचे आहेत.

कॉकटेल या शब्दाला बिचकू नका. पंच हा शब्द आपल्या ‘पाच’वरूनच गेला असं सांगतात. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज खलाशांनी तो तिकडं नेला. पाच जिन्नस म्हणजे दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. यातली दारू काढा, उरतं ते तुमच्या आजीचं सरबत. कॅरिबियन बेटांवर याचं एक माप तोंडपाठ असतं: एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक, चार भाग पातळ. मी ‘कडक’च्या जागी आल्याचा आणि लवंगेचा दाट काढा घालते. घसा तापायला तो पुरतो.

आता खरी गंमत. नाताळला लाल पेय हवं म्हणून शहरात रंगाच्या बाटल्या घेतात. तुमच्या पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या धुऱ्यावर लाल अंबाडी उभी असेल. तिच्या पाल्याची भाजी आपण कण्या घालून खातो, पण फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती ज्या लाल, जाड, आंबट पाकळ्या राहतात त्या बरेचदा झाडावरच वाळून जातात. याच पाकळ्यांचं पेय जमैकात नाताळला घरोघरी करतात. तिकडं त्याला सॉरेल म्हणतात. आलं आणि लवंग घालून उकळायचं, रात्रभर मुरवायचं, आणि ज्याला हवी त्यानं वरून रम घालायची. झाड मूळचं आफ्रिकेकडचं, तिथून ते कॅरिबियनमध्येही गेलं आणि आपल्या रानातही आलं. तेव्हा पाहुण्यांपुढं कमीपणा येईल ही भीती सोडा. नागपूरच्या हॉटेलात सहज न मिळणारी गोष्ट तुमच्या बांधावर आहे.

करायचं असं. तेवीस तारखेला सकाळी बोंडं तोडा. देठाकडून सुरीनं गोल चीर दिली की लाल पाकळ्या टोपीसारख्या निघून येतात, आतलं हिरवं बोंड वेगळं होतं. बोंडावर बारीक लव असते, ती बोटांना टोचते, म्हणून आधी पाण्यातून दोनदा काढा. सोललेल्या पाकळ्या अर्धा किलो, पाणी तीन लिटर, आलं शंभर ग्रॅम ठेचून, आठ-दहा लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे. स्टीलच्या गंजात दहा मिनिटं उकळा आणि झाकून रात्रभर ठेवा. गंज स्टीलचाच हवा. अंबाडी इतकी आंबट आहे की अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं किंवा कल्हई उडालेलं पितळ तिच्यात उतरतं, आणि चव कळकट लागते. दुसऱ्या दिवशी गाळून चारशे ते पाचशे ग्रॅम साखर विरघळवा, चाखत चाखत. एरवी गूळ मलाही आवडतो, पण इथं नको, कारण गुळानं तो माणकासारखा रंग मातकट होतो. साखर घालण्याआधी एक बाटलीभर काढून बाजूला ठेवा. घरात मधुमेहाचं माणूस असतंच, आणि त्याला दरवेळी पाणी देऊन बसवलेलं मला बघवत नाही. झाडावरची बोंडं वाळली असतील तर वाळलेल्या पाकळ्या शंभर ग्रॅम पुरतात. फ्रीजमध्ये हे तीन-चार दिवस छान राहतं.

दुसरं पेय संत्र्याचं. डिसेंबरात आंबिया बहाराचा शेवटचा माल बाजारात असतो, वरूड-काटोलकडचा संत्रा तुम्हाला कळंबच्या किंवा यवतमाळच्या बाजारात मिळेल. इथं एकच चूक सगळे करतात: फोडी मिक्सरमध्ये फिरवतात. नागपुरी संत्र्याच्या बिया आणि फोडीवरची पांढरी साल चिरडली गेली की रस आधी गोड लागतो आणि तासाभरानं कडू होत जातो. उकळला तर आणखी. म्हणून संत्रा आडवा कापा, हातानं पिळा, चाळणीतून बिया काढा, आणि पाहुणे ओसरीवर येऊन बसल्यावरच पिळायला घ्या. एका पेल्याला दोन-तीन संत्री धरा. हे काम दिरांच्या मित्रांना द्या, हसतखेळत होतं.

पण साली फेकू नका. पिळण्याआधी, दुपारीच, सहा संत्री धुऊन पुसून त्यांची वरची केशरी साल किसणीवर हलकी किसून घ्या. पांढरा भाग येऊ देऊ नका. त्या किसात वाटीभर साखर घालून वाटीच्या बुडानं नाहीतर खलबत्त्यात रगडा आणि झाकून ठेवा. तीन तासांनी झाकण काढा. साखर ओली, पिवळी आणि तेलकट झालेली दिसेल आणि घरभर संत्र्याचा वास सुटेल. साखरेनं सालीतलं तेल ओढून घेतलेलं असतं. त्यात अर्धी वाटी लिंबाचा रस घालून विरघळवा, गाळून बाटलीत भरा. पेल्यात याचे दोन मोठे चमचे, अर्धा पेला ताजा रस, चिमूटभर मीठ, बर्फ, आणि अगदी शेवटी सोडा. सोडा आधी घालून ढवळला तर त्याचा जीव जातो. पेल्याच्या काठाला लिंबाची फोड फिरवून तो मीठ, साखर आणि किंचित भिवापुरी तिखटात टेकवा. पहिल्या घोटाला ओठ चुरचुरतात आणि लगेच गोड लागतं. मुलांच्या पेल्याला नुसती साखर लावा.

रात्री जेवणं झाल्यावर शेकोटीजवळ बसाल तेव्हा अंबाडीचाच काढा गरम करून कपात द्या. डिसेंबरातल्या आपल्या थंडीला तो चांगला. कोणाला रेड वाइन घालून हवी असेल तर काढा चुलीवरून उतरवून मगच त्याच्या कपात वाइन घाला. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, चुलीवर ठेवलं तर ते उडून जाईल आणि नुसती आंबट-तुरट चव राहील.

सासूबाईंचा होकार असेल तर दारूचं माप सांगते. अंबाडीला रम जमते, संत्र्याला जिन किंवा व्होडका. एका पेल्यात ३० मिली, जास्त नाही. अंदाजानं ओतू देऊ नका. औषधाच्या दुकानातून ३० मिलीच्या खुणेची नवी प्लास्टिकची कपी आणून ठेवा. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल होतं, आणि तेवढं उतरवायला शरीराला सुमारे एक तास लागतो. म्हणून तासाला एक पेला, माणशी दोन. सहा पाहुणे, दीर आणि मालक असे आठही जण पिणारे धरले तरी ४८० मिली होते, म्हणजे ७५० मिलीची एक बाटली खूप झाली. दिरांना एवढीच घ्यायला सांगा. उरलेली परत गाडीत घालून न्यायची सोय नाही, रस्ता पुन्हा वर्ध्यातूनच आहे.

शेकर वगैरे विकत आणू नका. घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते, फक्त लोणच्याची नको, कितीही धुतली तरी वास सोडत नाही. रस, संत्र्याच्या सालीचा तो अर्क, बर्फ आणि ती ३० मिली दारू बरणीत घालून बारा-पंधरा वेळा जोरात हलवा, चहाच्या गाळणीतून पेल्यात ओता. सोडा वरून. बर्फासाठी पाणी उकळून गार केलेलंच वापरा आणि दोन दिवस आधी स्टीलच्या डब्यात लावा. डब्याचा मोठा गोळा गंजात टाकला तर तासन्‌तास टिकतो, ट्रेमधले तुकडे लगेच वितळून रस पाणीदार होतो. विजेचा भरवसा नसेल तर गोळे गोणपाटात गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत ठेवा. कारखान्यातली लादी मात्र आणू नका, ती पिण्यात घालायची नसते.

पेले सगळ्यांना सारखे द्या. पिणाऱ्याला काच आणि न पिणाऱ्याला स्टीलचा गडू, असं करू नका. पहिली फेरी सगळ्यांची बिनदारूची, आणि ट्रे आधी सासूबाईंसमोर धरायचा. ‘तुम्ही का घेत नाही?’ हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा नाही, हे दिरांकडून पाहुण्यांना आधीच कळवा. येणाऱ्या बायकांपैकी कोणी गरोदर असेल, कोणाच्या गोळ्या चालू असतील, आणि ते त्यांना चारचौघांत सांगायचं नसेल. सोबत पोटाला आधार हवा: मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा, भाजलेला हरभरा, हुरडा मिळाला तर हुरडा. नुसती खारी शेव-फरसाण ठेवलं तर तहान वाढते आणि पेले पटापट रिकामे होतात.

त्या संध्याकाळी गाड्यांच्या किल्ल्या तुमच्या कपाटात. ‘यवतमाळला चक्कर मारून येऊ’ अशी टूम निघतेच. कायद्यानं १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि दोन पेल्यांत माणूस तिथवर सहज पोचतो. बाटलीही ओतून झाली की लगेच कुलपात. सकाळी पेल्यांच्या तळाशी उरलेलं मुलं चाखून बघतात, म्हणून रात्रीच सगळं विसळून टाका, कितीही दमला असाल तरी.

राहिला सालदाराचा प्रश्न. क्वार्टर म्हणजे १८० मिली, वर सांगितलेली सहा मापं. पाहुण्यांना आपण दोनवर थांबवतो आणि त्या माणसाला सहा एकदम हातात देतो, तीही एकट्यानं प्यायला, त्याच्या घरी, त्याच्या बायकोसमोर. तुमच्या सासऱ्यांचं कसं सुरू झालं ते सासूबाईंना विचारून पाहा, बहुतेक असंच कोणीतरी सणाला दिलेल्या बाटलीपासून. दिरांचा हेतू वाईट नाही, पण तुम्ही हे होऊ देऊ नका. त्या पैशांचं त्याच्या बायकोच्या हाती लुगडं द्या किंवा पोरांचे कपडे द्या, करंज्यांचा डबा द्या, आणि संध्याकाळी त्या कुटुंबाला ओसरीवर बोलावून अंबाडीचा तोच लाल पेला, त्याच काचेच्या पेल्यात द्या. बसायला खुर्ची द्या.

बोंडं तोडताना दोन-चार झाडं मात्र तशीच राहू द्या. सोललेल्या हिरव्या बोंडातलं बी कच्चं असतं, ते उगवत नाही. झाडावर बोंड वाळून तडकलं की बी काढून पुडीत ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात धुऱ्यावर टाका. एक पुडी दिरांनाही द्या, नागपूरला त्यांच्या गच्चीवरच्या कुंडीत येईल.

तुमची ताई